घेऊन जाते, आभारी आहे

'आजवर दिलेल्या प्रेमाबद्दल आम्ही आपले मनःपूर्वक आभारी आहोत.' फोनच्या पांढऱ्या पडद्यावर मधोमध एवढंच वाक्य होतं, आणि त्याखाली बारीक अक्षरांत, 'मारू' ही ब्लॉग-सेवा आता बंद झाली आहे. बांग येसुक कोरियातल्या देजॉनच्या मंडईत अळकुड्यांच्या ढिगापुढे उभी होती. चुसोकचा सण तोंडावर आलेला, माणसाला माणूस घासत चाललेला, आणि तिला फक्त एवढंच बघायचं होतं की अळकुड्या पहिल्या उकळीच्या आधी चिरायच्या की नंतर. हे तिनंच कधीकाळी लिहून ठेवलं होतं. लिहिलं म्हणूनच तर विसरली होती. एकदा मारूवर चढवलं की डोक्यातली ती जागा रिकामी करायची तिची सवय. तिनं पान पुन्हा उघडलं, मागे गेली, पुढे आली. प्रत्येक वेळी तेच आभार. कुणी दारात हात जोडून उभं राहावं आणि आपल्याला आत मात्र येऊ देऊ नये, तसं. हातातल्या अळकुड्या तिनं नकळत घट्ट धरल्या होत्या. "काय वहिनी, माझ्या मालाला बघून रडायला येतंय होय?" भाजीवालीनं विचारलं. "घ्यायच्या तर घ्या, नाहीतर ठेवा बाई खाली, बाळासारख्या छातीशी धरू नका." येसुकनं घेतल्या. भाव केला नाही, आणि त्यामुळे भाजीवालीलाच काळजी वाटली असावी, कारण तिनं वर मूठभर जास्त टाकल्या.

मारूवर लिहायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या नवऱ्याची, दोसिकची, मूत्रपिंडं गेली, सोमवार-बुधवार-शुक्रवार डायलिसिस सुरू झालं, आणि इस्पितळातून एक कागद मिळाला: हे खाऊ नका, ते खाऊ नका. पुढं काय, ते कागदावर नव्हतं. ज्या देशात जेवण म्हणजे सूप, किमची आणि सोयाबीनचं आंबवण, त्या देशात मीठ आणि भाज्यांचं पाणी काढून घेतल्यावर ताटात राहतं काय, हा प्रश्न तिनं स्वयंपाकघरात उभी राहून स्वतःच सोडवला. मुळा किती पातळ चिरला म्हणजे कोमट पाण्यात त्याचं पोटॅशियम उतरतं, पालकाचं पहिलं पाणी फेकताना कसा जीव तुटतो, खारवलेली किमची धुऊन काढली तर काय होतं आणि मुळातच बिनमिठाची घातली तर काय होतं. भुयारी बाजारातल्या आपल्या शिवणाच्या दुकानात पँटींना दुमड घालता घालता ती मनात वाक्यं जुळवायची आणि घरी येऊन लिहायची. सगळ्यात वर एक ओळ ठरलेली: 'हे माझ्या घरातलं आहे, तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तुमच्या घरात नेऊ नका.' आणि सगळ्यात खाली दुसरी ओळ ठरलेली, लेकीच्या नावानं, 'हारिमच्या बाबांची जीभ', आणि पुढं दोसिकनं चव घेऊन जे म्हटलं असेल ते, जसंच्या तसं. जन्मभर शहरात बस चालवलेला माणूस. बिनमिठाच्या किमचीचा पहिला घास घेऊन तो खिडकीबाहेर बघत म्हणाला होता, "बस आली, पण आपल्या नंबरची नव्हती." तिनं रागानं ते तस्संच लिहून टाकलं होतं. लोक त्यासाठीच येतात की काय असं पुढं पुढं तिला वाटायला लागलं.

पिशवी घेऊन ती डायलिसिसच्या केंद्रावर त्याला आणायला गेली. तो बाकावर बसून दंडावरची पट्टी दाबत होता. डायलिसिसनंतर त्याचा चेहरा धुतलेल्या चादरीसारखा होतो, ओळखीचा पण सगळे रंग थोडे उतरलेले.

"मारू बंद झालं," ती म्हणाली.

"कोण मारू?"

"अहो, माझं लिहायचं. सगळं गेलं. काल होतं, आज नाही."

"मग तुझी ती माणसं कुठं गेली? घेऊन जाते-आभारी-आहेवाली?"

हा आणखी एक रिवाज. कुणाला लेख आवडला की तो आपल्या पानावर उतरवून घ्यायचा, आणि मूळ लेखाखाली लिहून जायचं, 'घेऊन जाते, आभारी आहे.' परवानगी मागायची नाही, पण न सांगताही न्यायचं नाही. दोसिक तेव्हा म्हणायचा, आपल्या देशात चोरसुद्धा पावती देऊन जातो. आज मात्र तो नुसता तिच्या हातातली पिशवी घ्यायला लागला, आणि तिनं दिली नाही. त्या हातानं वजन उचलायचं नसतं. सुईसाठी फुगवलेली शीर ज्यात आहे तोच हात धरून दोघं रस्ता ओलांडतात. आत रक्त वाहताना एखादं मांजर घुरघुरल्यासारखं लागतं, आणि लग्नाला इतकी वर्षं होऊनही तिला त्याचा हात धरायला हे एक निमित्त लागतं.

संध्याकाळी तिनं बुसानला हारिमला फोन लावला. हारिमनं आधी सगळं शांतपणे ऐकलं, मग टकटक काहीतरी शोधलं. "आई, ते खातं माझ्या नावावर आहे." होतंच तिच्या नावावर. मारूवर नाव नोंदवताना फोनवरून ओळख पटवावी लागायची, आणि येसुकचा फोन होता दोसिकच्या नावावर, कारण एकाच्या नावावर दोन घेतले तेव्हा एक तांदूळ शिजवायचं भांडं फुकट मिळालं होतं. त्यामुळे कंपनीच्या दरबारात बांग येसुक ही बांग येसुक आहे हे सिद्धच होईना. यंत्र पुन्हा पुन्हा सांगायचं, आपण प्यो दोसिक आहात. शेवटी शाळकरी हारिमच्या फोनवर खातं उघडलं. असं घरोघरी होतं, त्यात विशेष काही नव्हतं. पुढं हारिम कॉलेजात गेली, नोकरीला लागली, नंबर बदलला, जुना ईमेल पडून राहिला. मारूनं बंद होण्याआधी वर्षभर सूचना पाठवल्या होत्या: आपले लेख उतरवून घ्या, अमुक तारखेनंतर मिळणार नाहीत. सगळ्या सूचना त्या पडक्या ईमेलात ओळीनं बसलेल्या होत्या.

"आई, मीच बुडवलं गं सगळं."

"तू काय बुडवतेस? भांड्याच्या लोभानं बुडालं. भांडं अजून चालतंय, तेवढं बरं."

"चेष्टा काय करतेस! ओरड ना मला."

पण ओरडायला काही आत सापडेना. पोरगी लहानपणी शेजारी बसून तिचं टायपिंग दुरुस्त करायची, ते आठवत राहिलं.

त्यानंतरचा आठवडा हारिमनं प्रायश्चित्त घेतल्यासारखा घालवला. आई, नवीन जागा बघू, पुन्हा लिही. रोज एक जागा बघून ती फोन करायची आणि येसुक दुकानात पँटींच्या ढिगाआड बसून त्या जागेत हिंडून यायची. 'सोजे' म्हणजे अभ्यासिका. नाव तसंच पान, पांढरं, शांत, एक जाहिरात नाही. पण तिथं लिहिण्यासाठी अर्ज करावा लागतो, तीन नमुने द्यावे लागतात. तिनं आठवणीतून तीन लिहून पाठवले. उत्तर फार अदबीचं आलं: तुमच्या पतींच्या ओळी अप्रतिम आहेत, त्या भावनेवर भर द्यावा, मुळा किती मिनिटं भिजवायचा वगैरे तपशील कमी करता येतील का? येसुक मनात म्हणाली, मुळा भिजवला नाही तर भावना कुणाच्या छातीत भरणार? आणि तिथलं लिखाण कुणाला उतरवूनही घेता येत नाही. बोट दाबून धरलं की 'हक्क राखीव' असा फलक येतो. मग 'दुरे'. पूर्वी गावानं मिळून एकमेकांची भातलावणी करायची, त्याला दुरे म्हणत, आणि इथंही कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं. ही कल्पना तिला फार आवडली. तिनं मुळ्याचा लेख चढवला. दुपारपर्यंत तिघांनी तो नीट केला होता, शुद्धलेखन सुधारलं होतं, एका आहारतज्ज्ञानं प्रमाणं तपासून खाली आधार जोडला होता. आणि शेवटची ओळ काढली होती. कारण दिलं होतं: माहितीशी संबंध नाही. बरोबरच होतं त्यांचं. माहितीशी दोसिकचा संबंध काय? रुग्णांचा कॅफे, म्हणजे इंटरनेटवरचा बंद दाराचा अड्डा, तिथं माणसं जिवाला जीव देणारी, पण आत शिरायला आधी दहा ठिकाणी नमस्कार-चमत्कार लिहावे लागतात, मग दर्जा वाढतो, मग वाचायला मिळतं. ज्याच्या घरी कालच तो कागद आलाय, तो बिचारा बाहेरच उभा. आणि शेवटी 'गोलमोक', गल्ली. जाहिरातींचा नुसता शिमगा. मूत्रपिंडाच्या लेखाच्या मध्ये केस वाढवायचं तेल, त्याच्याखाली फ्लॅट विकणे आहे. वाचकांच्या संख्येवर चार पैसे मिळतात म्हणून अर्धी गल्ली नुसती मथळ्यांवर जगते. पण काहीही लिहा, कुणी पुसत नाही, आणि प्रत्येक लेखाखाली 'घेऊन जा' असं मोठं बटण. "प्रत्येकात काहीतरी खोट आहे गं," हारिम वैतागून म्हणाली. येसुकला वाटलं, नवरा बघायच्या वेळीही असंच झालं होतं.

खरं म्हणजे तिला जागा नकोच होती. हे तिनं हारिमला सांगितलं नाही, दोसिकला तर नाहीच. पद्धती तिला पुन्हा लिहिता आल्या असत्या. हात विसरत नाहीत, मुळा समोर आला की सुरी आपोआप पातळ चालते. गेलं होतं ते दुसरंच. गेली दोन वर्षं दोसिकची जीभ बंद पडत चालली होती. होतं असं या आजारात, डॉक्टर म्हणाले होते. आधी गोड गेलं, मग आंबट, आणि मग एका दुपारी त्यानं वाटी खाली ठेवून म्हटलं, "काय सांगू? कागद खाल्ल्यासारखं लागतंय." तिनं ते लिहिलं नाही. त्यानंतर तिनं मारूवर काहीच लिहिलं नाही, उघडूनही क्वचितच पाहिलं, आणि सूचना आल्या त्या याच काळात. शेकडो ओळी होत्या तिथं. भोपळ्याबद्दल, वाफवलेल्या वांग्याबद्दल, एकदा नुसत्या पांढऱ्या भाताबद्दल. त्यातल्या तीन-चार तिला आठवत होत्या. बाकीच्या आहेत तिथं सुखरूप आहेत अशा भरवशावर ती रोज त्याच्यापुढं वाटी ठेवत होती आणि तो काही म्हणत नव्हता. चव असलेला दोसिक मारूवर होता, आणि बिनचवीचा घरी. आणि आता मारू नव्हतं. हा विचार मनात आल्याबरोबर तिला स्वतःची इतकी शरम वाटली की तिनं शिवणयंत्राचं पायडल दाबून कुणाच्या तरी पँटीचा पाय इंचभर आखूड केला.

शोधायची युक्ती हारिमची. तुझं एखादं वाक्य आठवत असेल ते जसंच्या तसं टाक. येसुकनं वरची ठरलेली ओळ टाकली: 'हे माझ्या घरातलं आहे, तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तुमच्या घरात नेऊ नका.' आणि पडदा भरला. पानंच्या पानं. गोलमोकवर, कॅफेत, कुठल्या तरी चर्चच्या वार्तापत्रात, एका बेवारस ब्लॉगवर ज्याला दहा वर्षं कुणी हात लावला नव्हता. कॅफेत तिनं एव्हाना नमस्कार लिहून दर्जा वाढवला होता; तिथल्या 'सोमवार-बुधवार-शुक्रवार' नावाच्या गृहस्थानं तर तिचे पन्नासेक लेख विषयवार लावून ठेवले होते, तिला स्वतःला कधी जमलं नव्हतं इतके नीट. कुणी जेजू बेटावरच्या संत्र्यांबद्दल इशारा वाढवला होता. कुणी लिहिलं होतं, आमच्या आईला दात नाहीत, तिच्यासाठी मुळा किसून घ्या. अळकुड्याही सापडल्या: आधी चिरायच्या, मग तांदळाच्या धुवणात उकळायच्या, पाणी फेकायचं, तेही दोन-तीनच फोडी, सणापुरत्या. ती दुकानात एकटीच बसून हसायला लागली. लेकीबाळी सासरी नांदतायत आणि माहेरी पत्ता नाही, असलं काहीतरी झालं होतं. कुणाकुणाच्या घरी तिचं पाणी फेकलं गेलं होतं, कुणाकुणाचं रक्त त्यामुळं थोडं हलकं राहिलं होतं, आणि ही सगळी माणसं आभारी आहे म्हणून गेली होती. आज तिला त्यांच्या पाया पडावंसं वाटत होतं. मग ती प्रत्येक लेखाच्या तळाशी गेली. एकाही लेखाखाली ती ओळ नव्हती. वरची ओळ सगळ्यांनी नेली होती, खालची कुणीच नेली नव्हती.

अळकुड्यांचा लेख गोलमोकवर ठेवणाऱ्या, गांगनुंग गावाकडच्या बाईनं 'धाकटी सून' असं नाव घेतलं होतं. येसुकनं तिच्या पानाखाली लिहायला घेतलं आणि चार वेळा खोडलं. 'हे मी लिहिलं होतं' हे कसंही लिहिलं तरी पोलीस आल्यासारखं वाटत होतं. शेवटी लिहिलं, 'मी मारूवरची हारिमची आई. इथं माझा लेख भेटला, फार बरं वाटलं.' उत्तर तासाभरात आलं, आणि अपेक्षेप्रमाणं घाबरलेलं.

'ताई, माफ करा! तेव्हा तुमच्या लेखाखाली सांगून आणला होता. आता काढून टाकू का?'

'नका नका, मुळीच काढू नका. माझ्याकडचे सगळे गेले. तुम्ही आणला म्हणून राहिला. फक्त एक विचारते. खाली एक ओळ असायची, आमच्या ह्यांची. ती तुमच्याकडे कुठं आहे का?'

या वेळी उत्तराला वेळ लागला. येसुकनं दोन पँटी उसवल्या.

'ताई, ती मुद्दामच आणली नाही. माझे सासरे शेवटी शेवटी काही खात नव्हते. त्यांना मी तुमचा लेख उघडून फक्त ती ओळ वाचून दाखवायचे, आणि ते हसायचे. बसच्या नंबरची तर दोनदा वाचायला लावली. पण आपल्या पानावर उतरवून घ्यायला हात धजला नाही. पद्धत म्हणजे माहिती, ती नेली तर चालते. ती ओळ म्हणजे तुमच्या घरातलं माणूस. दुसऱ्याच्या घरातलं माणूस कसं उचलून आणणार? म्हणून पद्धत नेली आणि तुमचा माणूस तुमच्याकडेच ठेवला. बरे आहेत ना ते?'

येसुकनं फोन उलटा करून मांडीवर ठेवला. बाजारातून माणसं जात होती, वरच्या रस्त्यावरच्या बसचा घरघराट छतातून खाली येत होता. सगळ्यांना हेच वाटलं असेल? त्या सोमवार-बुधवार-शुक्रवारला, चर्चवाल्यांना? कुणी माहितीशी संबंध नाही म्हणून काढली असेल, कुणी विसरलं असेल. पण कुठं तरी गांगनुंगला एक न पाहिलेली बाई तिच्या नवऱ्याला न दुखवता, उंबऱ्याबाहेरून पाहून परत गेली होती. आणि आपण घरातलं माणूस घरात सोडून इंटरनेटवर शोधत बसलो होतो. तिनं फोन सुलटा केला आणि लिहिलं, 'बरे आहेत. घरीच आहेत.' ते लिहून झाल्यावर त्या साध्या शब्दांकडे बघून तिला एकदम रडू आलं, आणि रडता रडता भूकही लागली.

चुसोकच्या सकाळी पितरांच्या पूजेचं आटोपलं. हारिम बुसानहून आली होती आणि भांडी घासत होती. दोसिकसमोर येसुकनं अळकुडीच्या सुपाची वाटी ठेवली. अर्धी वाटी, तीन फोडी. त्यानं चमचा तोंडात घातला, आणि ती नेहमीसारखी वाढायच्या निमित्तानं उठून गेली नाही, समोरच बसली.

"काय बघतेस?"

"सांगा."

"काय सांगू? कळत नाही काही, माहितीये तुला."

"जे कळतंय ते सांगा. नव्या जागेवर लिहायचंय."

"गाढवाला गुळाची चव विचारतेय," तो स्वयंपाकघराकडे बघून ओरडला. "हारिम, तुझ्या आईला समजाव." पण त्यानं दुसरी फोड घेतली, मग तिसरी. वाटी उचलून सूप प्यायला. बराच वेळ वाटीच्या बुडाकडे बघत राहिला, जसा पूर्वी शेवटच्या थांब्यावर इंजिन बंद करून बसायचा. मग म्हणाला, "लिही. चव कळली नाही. पण गरम होतं, आणि करणारी बाई समोर बसून तोंडाकडे बघत होती, म्हणून संपवलं."

"असंच लिहू?"

"मग काय खोटं लिहिणार? लोकांच्या घरात जातं ते."

तिनं गोलमोकवरच चढवलं. केसांच्या तेलासकट, फ्लॅटसकट. या वेळी खातं हारिमनं बापाच्या नावावरच्या फोनवरून उघडलं होतं, त्यामुळे लेखकाच्या जागी प्यो दोसिक असं आलं, आणि ते बदलायचं येसुकच्या मनात आलं नाही. वर डॉक्टरांना विचारायची ओळ, मध्ये मुळा, अळकुडी, धुवणाचं पाणी, मिनिटांसकट, आणि खाली हारिमच्या बाबांची जीभ. सोमवार-बुधवार-शुक्रवार सगळ्यात आधी आला, 'परत आलात! घेऊन जातो, आभारी आहे.' मग अनोळखी दोघं. दुपारी हारिम आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती तेव्हा धाकटी सून आली.

'ताई, आज सासऱ्यांची पूजा, ते गेल्यावरचं हे पहिलंच चुसोक. अळकुडीचं सूप ठेवलं, तुमच्या पद्धतीनं, आता त्यांना कसंही चाललं असतं तरी. तुमच्या ह्यांची आजची ओळ वाचून दाखवली. या वेळी विचारते, ती ओळसुद्धा घेऊन जाऊ का?'

येसुक उत्तर लिहायला गेली आणि थांबली. ओळ तिची नव्हती. दोसिक गॅलरीत उन्हाला बसून पायाची नखं कापत होता. तिनं तिथूनच त्याला सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं, सासऱ्यांसकट. त्यानं नखं कापायचं थांबवलं आणि कातरी गुडघ्यावर ठेवली.

"न्या म्हणावं," तो म्हणाला. "मी काय, इथंच आहे."